मरहूम व्यंकटी

उमापूरला माझी बदली झाली तेव्हा पाटलाचा माणूस मला खोली दाखवायला आला होता. विहीर कुठं, वाण्याचं दुकान कुठं, बाजार कोणत्या वारी हे सगळं त्यानं सांगितलं आणि जाता जाता शेजारच्या गोठ्याकडं हनुवटी करून म्हणाला, "मास्तर, तितं एक मानूस दिसंल. उंच, मिशावाला. त्याच्या हातचं पान घेऊ नका."

"का? रोगी आहे का?"

"न्हाई जी. मेलेला हाय."

मी बीडचा. निजामाच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शिकलेला आणि आता तसल्याच मदरशात शिकवणारा. असलं काही ऐकलं की माझ्या कपाळाची शीर उठते. त्याच संध्याकाळी मी मुद्दाम गोठ्यात गेलो. तो माणूस अंबाडीचं दावं वळत बसला होता. मला बघून त्यानं पेड खाली ठेवला आणि दोन्ही पाय लांब करून माझ्यासमोर धरले.

"बघून घ्या मास्तर. सरळ हायेत. समदे आदी पायच बघत्यात, म्हनून म्या पयलंच दावून टाकतो."

त्याचं नाव व्यंकटी. गोठा होता गयाबाईंचा. गयाबाई त्याची बायको, आणि त्याचीच विधवा. हे कसं, ते सांगतो.

एका कोरड्या साली व्यंकटी पोट भरायला मुंबईला गेला आणि गोदीत कापसाचे गठ्ठे वाहू लागला. श्रावणातल्या एका वादळात हमालांनी भरलेला एक पडाव, म्हणजे मोठी होडी, जहाजाकडं जाता जाता उलटला. वर कोणी आलं नाही. मुकादमानं धक्क्यावर बुडालेल्यांची नावं पुकारली, त्यात व्यंकटीचं होतं. गावचा एक जण त्या गर्दीत उभा होता. तो तसाच गाडी धरून गावाला आला आणि बातमी सांगून ओसरीवर बसून रडला.

प्रेत मिळालं नाही, तर बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. पण गयाबाई तेवढं थांबल्या नाहीत. त्यांना स्वप्न पडायला लागलं. अंगावर घोंगडी ओढलेला एक माणूस दारात उभा राही. घोंगडीतून पाणी गळत असे, तोंड दिसत नसे. "भूक लागली," एवढंच म्हणे. पुरुष गेलेल्या बाईला असं स्वप्न पडल्यावर तिनं काय समजायचं? त्यांनी भटजींच्या पायावर डोकं ठेवलं. पुतळा झाला. लिंबाजी, त्यांचा लेक, तेव्हा नुकता चालायला लागला होता. त्याच्या हाताला हात लावून अग्नी दिला. गयाबाईंनी स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं आणि त्या रात्रीपासून स्वप्न पडायचं थांबलं.

आणि सात-आठ वर्षांनी, बाजाराच्या दिवशी भरदुपारी, खांद्यावर पिशवी टाकून व्यंकटी दारात येऊन उभा राहिला. गयाबाई सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी आधी त्याचे पाय पाहिले, मग तोंड. सूप खाली ठेवून त्या आत गेल्या आणि दाराला कडी घातली.

हा व्यंकटी नव्हे असं मात्र गावात एकही जण म्हणाला नाही. हे मला फार विशेष वाटतं. माणूस खरा होता, ओळख पटली होती, गुडघ्यावरचा जुना व्रणसुद्धा जागेवर होता. फक्त तो मेलेला होता. त्याचे दिवस झाले होते, तेरावं झालं होतं, गावानं त्याच्या नावाचं जेवण जेवून पान खाल्लं होतं. आता एवढं सगळं मागं कसं घ्यायचं? तेव्हा त्याला गोठा दिला. भाकरी दारातून सरकवत. न्हावी त्याची दाढी करी, पण वस्तरा वेगळा ठेवी.

दुसरा एखादा खुळा झाला असता. व्यंकटीनं थट्टा पांघरून घेतली. त्याचं बोलणंच "मी होतो तवा"नं सुरू व्हायचं. "मी होतो तवा ही लिंबं एवढीशी व्हती." "मी होतो तवा पाटलाच्या म्हशीला एवढं दूद न्हवतं." तो मढ्यासारखे दक्षिणेकडं पाय करून झोपे. मी एकदा हटकलं, तर म्हणाला, "आमच्या लोकाला तिकूनच वारा लागतो, मास्तर."

गावाला त्याचा उपयोगही भरपूर होता. आपले लोक काही कमी हुशार नाहीत. घरात नाग निघाला की बोलवा व्यंकटीला. आडात वासरू पडलं, उतरवा व्यंकटीला. गाठीचा ताप आला, लोक घरं सोडून रानात जाऊन राहिले, तेव्हा बंद घरांतून मेलेली माणसं एकट्या व्यंकटीनं बाहेर काढली. "मेलेल्याला कसलं आलंय भ्याव?" लोक म्हणत, आणि तोही म्हणे. त्या दिवसांत मी त्याला एका घराच्या पायरीवर बसलेला पाहिला. हात मातीनं घासत होता. मला म्हणाला, "मास्तर, ह्या समद्यांनी मला बगितलं अन् गुमान आले बगा माझ्यासंगं. वळखीचं वाटलं आसंल." हे मात्र तो थट्टेनं बोलला नाही.

पाऊस लागला की तो बदले. मराठवाड्यात पाऊस पडतो तो किती? पण आभाळ भरून आलं की व्यंकटी गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसे आणि एक अक्षर बोलत नसे. त्या भिंतीला, नेमकी तो टेके तिथं, लोणा धरला होता. पांढरी मिठाची साय. बैल मान लांब करून ती भिंत चाटत. आमच्याकडच्या मातीला लोणा धरतोच, त्यात नवल नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. पण बाकीच्या तीन भिंती कोरड्या होत्या, हेही खरं.

मी गेलो त्या वर्षीच्या पितृपक्षात गयाबाईंनी त्याचं पान काढलं. दरवर्षी काढत. त्याआधी त्यांच्या सासऱ्यांच्या तिथीला मी पाहिलं होतं. कुडावर पत्रावळ ठेवून घरची मंडळी ऊन डोक्यावर येईपर्यंत "काव काव" करत उभी, आणि कावळा समोरच्या लिंबावर बसून मान वळवून घेतोय. व्यंकटीच्या तिथीला मात्र गयाबाईंचा हात पत्रावळीवरून उठला नाही तोच वरून काळं काही तरी झेपावलं. एक नाही, चार-पाच. भात, वडा, खीर, सगळं साफ. आणि हा पठ्ठ्या गोठ्याच्या दारात बसून बघतोय!

"बगा, किती भूक लागलीया मला," असं म्हणून तो हसला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा त्याच्या शेजारी बसलो होतो. पुन्हा तेच. या वेळी तो हसला नाही. पत्रावळ रिकामी होईपर्यंत बघत राहिला, मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मास्तर, मी तर हितं बसलोय. मग ते खातंय कोन?"

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण मी उठलो, कुडापाशी गेलो आणि ती रिकामी पत्रावळ जवळून बघून आलो.

त्याच सुमारास लिंबाजीला ताप यायला लागला. आता तो चांगला दहा-बारा वर्षांचा पोरगा झाला होता. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. हकीम झाले, अंगारे झाले. गावातल्या म्हाताऱ्या उघड बोलू लागल्या, की पुतळ्याला आग लागली म्हणजे मरण त्या घराकडं निघतं, आणि ज्याच्या नावानं निघालं तो जागेवर सापडला नाही तर हाताला लागेल त्याला धरतं. गयाबाई एकदा माझ्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. पदर कपाळापर्यंत.

"मानूस माझंच हाय वो मास्तर. मला कळत न्हाई का? रोज भाकर सरकीवते तवा त्यांची बोटं दिसत्यात. पन ह्या हातानं म्या पुसलंय. पुन्यांदा लावलं अन् लेकराला कायी झालं, तर मी कुनाच्या तोंडाकडं बगू?"

पैठणच्या एका शास्त्रीबुवांनी वाट सांगितली. अशा माणसाला पुन्हा जन्म देता येतो. तूप घातलेल्या पाण्याच्या मोठ्या काहिलीत त्याला गुडघे पोटाशी घेऊन बसवायचं, तान्ह्यासारखं रडायला लावायचं, नाळ कापल्यासारखी करायची, बारसं करायचं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. गावात हसणं उसळलं. काहील कोणाची आणायची आणि सुईण कोण होणार यावर चावडीत पैजा लागल्या. गयाबाई हसल्या नाहीत. त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. "ज्या पान्यानं तुमाला नेलं, त्या पान्याला आदी तीळ सोडून, इचारून या. त्यानं सोडलं म्हनलं की मी कासाराला बोलावते."

गेली कित्येक वर्षं त्या नवऱ्याशी एवढं बोलल्या नव्हत्या.

मला डोळे दाखवायला मुंबईला जायचंच होतं. मी रजेची रुखसत काढली आणि श्रावण लागता लागता आम्ही दोघं निघालो. बैलगाडीनं नगरकडं जाताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. तिथला जवान नवा होता. त्यानं दरडावून विचारलं, "क्या नाम?"

"मरहूम व्यंकटी," हा शांतपणे म्हणाला. मरहूम म्हणजे कैलासवासी.

जवानाच्या हातातली काठी तशीच राहिली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ द्या साहेब. आडनाव आहे त्यांचं." व्यंकटी पुढं मैलभर हसत होता. मी त्याला त्यानंतर तसा हसताना पाहिला नाही.

मुंबईचा पाऊस मी तोवर ऐकला होता, अंगावर घेतला नव्हता. आमच्याकडं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चार घटका बसतो आणि जातो. इथं तो मुक्कामालाच आला होता. जोड्यांवर बुरशी, उशीवर बुरशी, बांधून आणलेल्या भाकरीवर दुसऱ्या दिवशी हिरवी लव. काडी पेटत नव्हती. दिवसा दिवे लावून दुकानं चालली होती आणि त्या उजेडात छत्र्यांखालची माणसं बिनतोंडाची दिसत होती. सगळ्यांत वाईट म्हणजे पाऊस थांबल्यावरही गल्लीत पाणी चढत होतं. भरतीच्या वेळी समुद्र गटारांतून उलटा वर येतो, असं मला कोणीतरी सांगितलं. पाणी वरून पडतं किंवा विहिरीतून शेंदावं लागतं, एवढंच मला ठाऊक. आपल्या आपण जमिनीतून वर येऊन पायाला लागणारं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

व्यंकटी त्या पाण्यातून पुढं चालला होता. एका शब्दानं वाट न विचारता, एकदाही न अडखळता. जणू काल संध्याकाळी इथून गेला होता.

मशीद बंदराच्या गल्लीत तानूबाईंची खानावळ होती. हमाल तिथंच जेवत आणि तिथंच पथारी टाकत; व्यंकटीही तेव्हा तिथंच राही. तानूबाई साताऱ्याकडच्या, थोराड, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी व्यंकटीला बघितलं. पळी हातातून ठेवून त्या पुढं आल्या आणि त्याच्या गालाला तळहात लावून बघितला.

"ऊन हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग ओरडल्या, "आरं, तू जित्ता हाईस व्हय रं! मग त्या पडावात कोन गेला? ती कोकनी बाई अजून धक्क्यावर बसती बघ. धाकूची बायकू. त्यो त्याच दिसापासनं गायब हाय. नावं पुकारली त्यात त्याचं न्हवतं, म्हनून ती कुंकू लावून अजून वाट बघतीया."

व्यंकटी खाली बसला. बाहेर पाऊस कोसळत होता, खानावळ दुपारची रिकामी होती. तिथं, भिंतीला पाठ लावून, त्यानं मला जे सांगितलं ते गावात कोणालाच माहीत नव्हतं.

"त्या दिशी मला ताप व्हता मास्तर. धाकू माझ्या शेजारी निजायचा. नवा आलता, त्याला गोदीचा बिल्ला न्हवता मिळाला. बिल्ल्याबिगर काम न्हाई. म्हनला, आज तुझा दे, तुजी पाळी मी करतो. म्या दिला. वर माझी घोंगडीबी दिली, पाऊस लई व्हता म्हनून. मुकादमानं माझं नाव पुकारलं अन् त्यानं 'हाय' म्हनलं. माझ्या नावानं हाय म्हनला अन् गेला."

"मग पडाव बुडाल्यावर तू पुढं का नाही आलास?"

"बिल्ला दुसऱ्याला देनं म्हंजे जेल. पन खरं सांगू का? मी धक्क्यावर गेलतो. गर्दीत उभा व्हतो. मुकादमानं मेलेल्यांत माझं नाव घेतलं. तोंड उघडून 'हाय' म्हनायचं, एवढंच व्हतं. निघंना. मला वाटलं, खरंच मी न्हाई आता. तसाच एका आगबोटीवर कोळसा वढायला चढलो."

मग तोच म्हणाला, "गयाच्या सपनात घोंगडी घेऊन आलता त्यो मी कावून आसंन? मी तर तवा एडनच्या धक्क्यावर व्हतो."

पावसाचा आवाज एवढा होता, तरी मला गल्लीतलं पाणी उंबऱ्याला लागल्याचं स्पष्ट ऐकू आलं. त्या घोंगडीतल्या माणसाला कोणाचंच नाव उरलं नव्हतं. म्हणून तो, ज्याच्या नावानं मेला त्याच्या दारात गेला होता. आणि त्याला तिथं जेवायला मिळालं होतं. दरवर्षी मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं माझ्या डोळ्यांत औषध घातलं आणि संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल म्हणून बजावलं. तरी मी व्यंकटीबरोबर गेलो. गयाबाईंनी दिलेली तिळांची पुरचुंडी त्याच्या कमरेला होती. समुद्र गढूळ, आमच्या ओढ्याला पूर आल्यावर असतो त्या रंगाचा, फक्त त्याला पलीकडचा काठ नव्हता. धक्क्याच्या कडेला एक पत्र्याची छपरी होती. तिच्याखाली एक बाई दाभण घेऊन गोणपाटाची पोती शिवत बसली होती. कपाळावर कुंकू एवढं मोठं, की माझ्या त्या डोळ्यांनासुद्धा ते दिसलं.

"मी सांगून टाकतो तिला," व्यंकटी म्हणाला. "तिचं तिला रडून तरी घिऊ दे. मग तीळ सोडतो अन् निघू."

मी एका वखारीच्या पडवीत थांबलो. तो पावसातून चालत तिच्यापाशी गेला आणि उकिडवा बसला. तिनं मान वर केली. मग मला छपरीखाली तिघं दिसले. एक व्यंकटी, एक ती, आणि दोघांच्या मधे, डोक्यावरून घोंगडी ओढलेलं कोणीतरी. मी डोळे चोळले. औषध झोंबलं, पाणी आलं. पुन्हा पाहिलं तर दोघंच होते. डॉक्टरचं औषध, दुसरं काय?

व्यंकटी बऱ्याच वेळानं परत आला. त्याच्या मिशीला भाताचं शीत लागलं होतं.

"सांगितलंस?"

"तोंड उघडूच दिलं न्हाई. मला बगितलं अन् म्हनली, 'आलात? भात निवला.' दोघांपुरता भात रोज घिऊन येती म्हन ती. फडकं सोडलं, वाढलं. माझ्या हाताला हात लागला तिचा, मास्तर, पन मागं न्हाई घेतला."

हे सांगताना तो रडत होता, आणि मला काय होणार ते कळून चुकलं होतं. मी चिडलो. भर पावसात, चार हमाल बघत असताना मी त्याला वाट्टेल ते बोललो. तिकडं काहील मागवून ठेवलीय, कासार येऊन बसेल, बायको उंबऱ्यात उभी असेल, आणि तू इथं एका वेड्या बाईचा भात खात बसणार?

त्यानं मिशीचं शीत पुसलं.

"त्यानं माझं मरन नेलं. मग त्याचं जगनं कुनी करायचं?" तो म्हणाला. "मी घरी जाऊन जित्ता झालो तर माझं पान बंद व्हनार. मग त्यो कुठं जेवंल? अन् मरन लिंबाजीच्या उशाशी बसलंय ते कशानं उठंल? गयाला म्हनावं, मेलेला मानूस घरातून गेला. आता पोराला कायी व्हनार न्हाई. अन् पान तेवढं काढत जा."

कमरेची पुरचुंडी सोडून त्यानं माझ्या हातात दिली. "हे तुमीच सोडा. नाव धाकूचं घ्या." आणि तो छपरीकडं चालू लागला. मी तीळ सोडले. पाण्यानं ते घेतले, नाही घेतले, मला काही दिसलं नाही.

ती बाई वेडी होती की पुरती शहाणी होती, हे मी पुढं बरीच वर्षं ठरवू शकलो नाही.

उमापूरला पोचलो तेव्हा गयाबाईंच्या ओसरीवर खरोखरच कासार बसला होता. हिरव्या बांगड्यांची माळ त्यानं मांडीवर घेतली होती. मी काही लपवलं नाही. बिल्ला, घोंगडी, ती बाई, भात, सगळं सांगितलं. गयाबाई खांबाला धरून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"ती वाढती का त्यांना नीट?"

"वाढते."

"मग आसू द्या." आणि कासाराकडं वळून म्हणाल्या, "आज न्हाई भरायच्या, बाबा. भाकर खाऊन जा."

काहील ज्याची त्याला परत गेली. लिंबाजीचा ताप त्या महिन्यात उतरला तो पुन्हा आला नाही. हकीम म्हणाला माझ्या काढ्यानं, भटजी म्हणाले माझ्या जपानं. गोठ्यातली ती भिंत पुढच्या उन्हाळ्यात सारवली, मग तिथं लोणा धरला नाही. पितृपक्षात गयाबाई पान काढत राहिल्या. मी त्या दिवशी मुद्दाम मदरशात लवकर जात असे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि तो काढायला पुन्हा मुंबई गाठावी लागली. पुन्हा श्रावणच. डोळ्यांवरची पट्टी सुटली, नजर स्वच्छ झाली, आणि परतायच्या आदल्या दिवशी माझे पाय मशीद बंदराकडं वळले. तानूबाई राहिल्या नव्हत्या. पण त्याच गल्लीच्या टोकाला, एका खोपटाच्या पडवीत, ती दोघं पोती शिवत बसलेली दिसली. त्याच्या मिशा गेल्या होत्या. केस पांढरे. रस्त्यानं जाणाऱ्या एका खलाशानं हाक मारली, "काय धाकूशेट!" आणि त्यानं हात वर केला.

मी पडवीपाशी जाऊन म्हटलं, "व्यंकटी."

त्यानं दाभणातला दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडं पाहिलं. "कोन हवाय तुमाला?" पार कोकणी सूर, नाकातला. आमच्याकडचा असता तर 'पायजे' म्हणाला असता. मी नीट बघितलं. चांगल्या डोळ्यांनी बघितलं. त्या चेहऱ्यावर मला ओळखल्याची एक रेघ नव्हती. मला वाटलं, मीच चुकलो. हा दुसराच कोणी असेल. माझ्या अंगावर काटा आला तो याचा, की हा खरंच धाकू असेल.

पण मला सांगायचं होतं. सांगितल्याशिवाय माघारी जाववलं नसतं.

"मी उमापूरचा मास्तर. तिकडच्या गयाबाई चैत्रात गेल्या. लेकानं सगळं नीट केलं. लेकाला मुलगा झालाय."

"आमचं कोन न्हाय त्या गावात," तो म्हणाला आणि पोतं पुढं ओढलं.

मी मागं वळलो. पावसाची सर अशी होती की समोरचं घर दिसत नव्हतं. चार पावलं गेलो असेन, मागं काही वाजलं म्हणून पाहिलं. तो उठला होता. पडवीतल्या रांजणावरचं झाकण काढून त्यानं तांब्या भरला, उघड्यावर आला आणि त्या भरपावसात, अंगावरच्या कपड्यांनिशी, दक्षिणेकडं तोंड करून तो तांब्या डोक्यावर ओतला. मग दुसरा ओतला. मग तिसरा. पावसानं तो आधीच चिंब झाला होता, पण आपलं माणूस गेल्याचं कळल्यावर करायची अंघोळ ही. ती पावसावर सोडता येत नाही. त्याचे ओठ हलत होते.

ती बाई काही विचारत नव्हती. तिनं आतून एक सुकं धोतर आणलं आणि ते दोन्ही हातांवर धरून, तो येईपर्यंत, मान खाली घालून उभी राहिली.

तो पडवीत आला, धोतर घेतलं आणि मी अजून तिथंच आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"कोन हवाय म्हनालात तुमाला?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि छत्री उघडली.